भाषणानंतरचा अर्धा तास: मानसिक आरोग्य आणि व्यसनाबद्दल लोकांशी बोलायचं कसं

मी घेतलेला पहिला जागृतीचा कार्यक्रम छान झाला होता. हॉल भरला, यकृताची चित्रं दाखवून झाली, टाळ्या पडल्या. मी खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते तेवढ्यात एक बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी परवापासून घेतलेली नाही. आपणहून सोडली. पण हात फार थरथरतात, रात्रभर झोप नाही, आणि कोपऱ्यात कुणीतरी बसलंय म्हणून ओरडतात. जाईल ना हे आपोआप?"

माणसानं दारू सोडली याचाच मला आनंद झाला होता. मी म्हणाले, "सुरुवातीला त्रास होणारच. तुम्ही धीर सोडू नका."

त्याच रात्री त्यांना फिट आली आणि दवाखान्यात हलवावं लागलं. ते वाचले, पण त्यात माझा काही वाटा नव्हता. तासभर व्यसनावर बोलून झाल्यावर मी चुकीचा आणि धोक्याचा सल्ला देऊन बसले होते.

त्यानंतर मी कार्यक्रमाची आखणी उलटीकडून करायला लागले. हॉलमध्ये शंभर माणसं असली तरी सगळी तयारी करायची ती सगळे गेल्यावर दाराशी रेंगाळणाऱ्या एकदोघांसाठी. ते रेंगाळतील कसे, त्यांना काय सांगायचं आणि कुठे पाठवायचं, हे आधी ठरवलं की भाषणात काय हवं आणि काय नको हे फारसं शोधावं लागत नाही.

पहिली पायरी: आधी यादी, मग आमंत्रण

लोकांना "मदत घ्या" म्हणायचं तर मदत कुठे मिळते हे आपल्याला ठाऊक हवं. कार्यक्रमाच्या निदान तीन आठवडे आधी एका पानाची यादी करायला घ्या. रात्री चालू असणारा तातडीचा विभाग कोणत्या दवाखान्यात आहे, दारू किंवा गोळ्या सोडतानाचा त्रास सांभाळणारे डॉक्टर कोण, मानसोपचारतज्ज्ञ कोण, समुपदेशक कोण, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाची सभा कोणत्या वारी आणि किती वाजता, घरच्यांसाठी असलेल्या अल-अनॉनची सभा कुठे, आणि हेल्पलाइनचा क्रमांक. एवढं पुरे. पान दोन्ही बाजूंनी भरलं तर घाबरलेला माणूस ते वाचत नाही.

मग प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करा. एकदा दुपारी, आणि चोवीस तास म्हणवणाऱ्यांना एकदा रात्री अकरानंतर. माझ्या पहिल्या यादीतले सहापैकी दोन क्रमांक बंद निघाले आणि एका ठिकाणी "सोमवारी करा" असं उत्तर मिळालं. तो दिवस गुरुवार होता. मोठ्या हिमतीनं पहिला फोन करणाऱ्याला हे उत्तर मिळालं तर तो दुसरा फोन करत नाही.

व्यसनमुक्ती केंद्राचं नाव यादीत घालण्याआधी तिथे जाऊन या. विचारा: दाखल करताना पेशंटची संमती घेता का? डॉक्टर रोज येतात की बोलावल्यावर? घरच्यांना भेटता येतं का? बायकांना घेता का? आणि शेवटी विचारा, "कुणी आरडाओरडा केला, अंगावर आला, तर काय करता?" या प्रश्नाला "आम्ही बघून घेतो" असं उत्तर आलं किंवा ऑफिसच्या पलीकडे कुणी आत नेईना, तर ते नाव खोडा. मारहाण करणारी, कोंडून ठेवणारी केंद्रं सगळीकडे आहेत, आणि एकदा तिथून आलेला माणूस पुढे चांगल्या डॉक्टरच्याही जवळ फिरकत नाही.

दुसरी पायरी: कोणाशी बोलणार ते ठरवा

"सर्वांसाठी खुला" कार्यक्रम म्हणजे कोणासाठीच नसलेला कार्यक्रम. नवरा, सासू आणि कॉलेजातला मुलगा एकाच हॉलमध्ये बसले की तिघंही गप्प राहतात. एक गट निवडा: पिणाऱ्यांच्या घरच्या बायका, आठवी-नववीच्या मुलांचे पालक, रात्रपाळीचे कामगार, एका सोसायटीतले ज्येष्ठ.

निवडलेल्या गटात नेमकं काय चालतं ते आधी कान देऊन ऐका. औषधाच्या दुकानात, शाळेत, आरोग्यसेविकांकडे चौकशी केली की चित्र बरंच बदलतं. मी दारूवर बोलायची तयारी करून एका ज्येष्ठांच्या गटाकडे गेले होते. तिथला खरा प्रश्न झोपेच्या गोळ्यांचा होता. वर्षानुवर्षं जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणून घेणाऱ्या आजी स्वतःला व्यसनी कशाला म्हणतील? मुलांच्या बाबतीत एक पथ्य पाळा: जो पदार्थ त्यांच्यातल्या कुणी पाहिलाही नाही त्याची सविस्तर माहिती देऊ नका. ती जाहिरात ठरते.

तिसरी पायरी: शब्द तपासा

२०१० साली अमेरिकेत जॉन केली आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पाचशेहून जास्त मानसोपचार व्यावसायिकांना एका रुग्णाची माहिती वाचायला दिली. माहिती तीच, फरक फक्त संबोधनात. काहींच्या कागदावर 'व्यसनी' या अर्थाचा शिक्का मारणारा शब्द होता, काहींच्या कागदावर 'व्यसनाचा आजार असलेला माणूस' असं होतं. शिक्का वाचणाऱ्यांचा कल त्या माणसाला दोषी धरण्याकडे आणि शिक्षा व्हावी असं म्हणण्याकडे जास्त होता. शिकलेल्या, रोज हेच काम करणाऱ्या लोकांची ही गत, तर मग 'बेवडा', 'गर्दुल्ला', 'मेंटल' हे शब्द वस्तीत काय करत असतील?

म्हणून आपण बोलताना 'दारूचा त्रास असलेला माणूस', 'डिप्रेशन आलेली बाई' असं म्हणावं. मात्र समोरच्यांचे शब्द दुरुस्त करत बसू नये. एखादी बाई "माझा बेवडा" म्हणाली तर तिला तिथेच शिकवायला गेलात की ती पुढचं सांगणार नाही. आणि एखादा स्वतःला हसत हसत बेवडा म्हणवत असेल तर तो त्याचा हक्क आहे.

लोकांकडचे शब्दही गोळा करा. 'नैराश्य' हा शब्द मी कुणाच्या तोंडून क्वचितच ऐकलाय. "फार विचार येतात", "कशात मन लागत नाही", "छातीत धडधडतं", "डोकं जड होतं", हे रोज ऐकते. पत्रकावर हेच शब्द छापा.

चौथी पायरी: नेमकं काय सांगायचं

एका सत्रात लोक चार गोष्टी घरी नेतात, पाचवी नेत नाहीत. माझ्या चार या.

पहिली: मन आणि व्यसन एकमेकांत गुंतलेले असतात. झोप लागत नाही म्हणून माणूस दोन पेग घेतो. झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर मोडते. सकाळी चिडचिड आणि उदासी. संध्याकाळी पुन्हा दोन. काही महिन्यांनी दोनचे चार होतात, कारण शरीर सरावतं. एव्हाना उदासीमुळे पितो की पिण्यामुळे उदास आहे हे त्यालाही सांगता येत नाही. म्हणूनच उपचार दोन्हींवर एकाच वेळी व्हावे लागतात. "आधी दारू सोड, मग डिप्रेशनचं बघू" हा सल्ला घरोघर दिला जातो आणि तो बहुतेकदा फसतो.

दुसरी: हा इच्छाशक्तीचा प्रश्न आहे का? हा प्रश्न येतोच, आणि विचारणारा बहुधा चिडलेला असतो. मी सांगते की दारूच्या व्यसनात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा धरला जातो. उरलेल्यात वय, ताण, संगत आणि पदार्थ किती सहज मिळतो हे सगळं येतं. मग व्हिएतनामची गोष्ट सांगते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास केला. तिथे असताना हेरॉइनच्या आहारी गेल्याचं जवळपास पाचातल्या एकानं सांगितलं होतं. सरकार घाबरलं होतं. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास पुन्हा त्या गर्तेत गेले. माणसं तीच होती. युद्ध, कंटाळा आणि स्वस्त हेरॉइन मागे राहिलं होतं. यावरून व्यसन सोपं असतं असा अर्थ कुणी काढू नये. भोवतालचं जग बदललं तर सुटण्याची शक्यता वाढते, एवढंच यात आहे आणि ते पुरेसं मोठं आहे. चिडलेला माणूस ही गोष्ट ऐकतो. आकडेवारी ऐकत नाही.

तिसरी गोष्ट मी सर्वात सावकाश, दोनदा सांगते, कारण मी स्वतः तिथेच चुकले होते. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एका दिवसात, डॉक्टरला न विचारता बंद करणं जीवघेणं ठरू शकतं. शेवटच्या पेगनंतर सहा-बारा तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, पोट ढवळतं. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भास होतात, आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं, ताप आणि नाडी वाढते. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. कोपऱ्यात कुणी दिसायला लागलं की "उद्या बघू" म्हणायचं नाही, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. पूर्वी कधी सोडताना फिट आली असेल तर पुढच्या वेळी घरी प्रयोग करूच नये. रोजच्या झोपेच्या गोळ्या अचानक बंद करण्यातही हाच धोका आहे. त्या डॉक्टरच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी कराव्या लागतात. तंबाखू-सिगरेट मात्र एका दिवसात सोडली तरी चालते. चिडचिड होते, जीव जात नाही.

हेरॉइनसारख्या अफूपासूनच्या पदार्थांचं गणित उलटं आहे. सोडताना हाल होतात, पण मृत्यूची भीती खरी असते ती नंतर. काही आठवडे केंद्रात किंवा तुरुंगात काढून आलेल्या माणसाच्या शरीराची नशा पेलायची सवय मोडलेली असते, आणि तो पहिल्याच दिवशी जुन्या मापानं घेतो. घरच्यांना हे आधी माहीत हवं. नालोक्सोन हे औषध वेळेवर दिलं तर थांबत चाललेला श्वास परत सुरू होऊ शकतो. तुमच्या भागात ते कोणाकडे असतं, ते यादी करतानाच विचारून ठेवा.

आणि चौथी: शुद्ध हरपलेल्या माणसाचं काय करायचं. हे मी करून दाखवते. एक कार्यकर्ता जमिनीवर आडवा पडतो. त्याला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे दुमडायचा, डोकं किंचित मागे आणि तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी झाली तरी घशात जात नाही. कॉफी पाजायची नाही, थंड पाणी ओतायचं नाही, बोटं घालून उलटी काढायची नाही, आणि "झोपू दे, उतरेल" म्हणून एकटं सोडायचं नाही. हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी पडत असेल, ओठ निळे दिसत असतील तर रुग्णवाहिका. दारूच्या जोडीला झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील तर वाटच बघू नका. मग प्रेक्षकांतल्या दोघांकडून हे करवून घेते. सगळे हसतात. सहा महिन्यांनी लोकांना माझ्या भाषणातलं हेवढंच आठवतं, आणि मला ते चालतं.

एक प्रश्न तुम्हाला हमखास येणार: "त्यांना न सांगता चहातून द्यायचं औषध आहे म्हणे?" उत्तर तयार ठेवा. डायसल्फिरॅम नावाची गोळी असते. दारू शरीरात मोडताना मध्ये ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. ही गोळी त्याचा पुढचा निचरा रोखते. त्यामुळे गोळी घेऊन प्यायलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ज्याला गोळीची कल्पना आहे तो या भीतीनं पीत नाही, उपचाराचा आधारच तो आहे. ज्याला कल्पनाच नाही तो नेहमीसारखा पितो आणि मरणाच्या दारात जाऊ शकतो. शिवाय एकदा कळलं की तो बायकोच्या हातचा चहा पुन्हा घेत नाही.

पाचवी पायरी: भीती घालू नका

सडलेली फुप्फुसं दाखवली की हॉल शांत होतो, म्हणून आपल्याला वाटतं परिणाम झाला. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये डेअर नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस अधिकारी वर्गात जाऊन मुलांना नशेविरुद्ध सांगायचे. पालक खूश, शाळा खूश, देशभर पसरला. पुढे झालेल्या अनेक अभ्यासांत, तो कार्यक्रम केलेली आणि न केलेली मुलं यांच्या नशा करण्याच्या प्रमाणात टिकाऊ फरक सापडला नाही. अखेर त्यांना अभ्यासक्रमच बदलावा लागला. भीतीमुळे आणखी एक नुकसान होतं: जो आधीच पितोय त्याला "आता काय उरलंय" असं वाटतं आणि तो मधूनच उठून जातो.

आत्महत्येबद्दल बोलताना जास्त जपा. पद्धत सांगायची नाही, जागा सांगायची नाही, "परीक्षेत नापास झाली म्हणून" असं एकच कारण चिकटवायचं नाही. त्या विचारातून बाहेर आलेल्या माणसानं काय केलं, कुणाला फोन केला, ते सांगा. आणि एक गैरसमज मोडा: "जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का?" असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. ज्याच्या मनात तो असतो त्याला बहुतेकदा सुटल्यासारखं होतं, की कुणीतरी विचारलं.

सहावी पायरी: यातून गेलेला माणूस

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा, दारू नुकतीच सुटलेला शेअर दलाल बॉब स्मिथ नावाच्या सर्जनला भेटला. बॉब स्वतः डॉक्टर; दारू शरीराचं काय करते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. डॉक्टरी ज्ञानानं जे झालं नव्हतं ते दुसऱ्या पिणाऱ्याशी झालेल्या बोलण्यानं झालं. त्या वर्षी १० जूनला त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा स्थापना दिन मानला जातो.

म्हणून वक्त्यांत एक तरी माणूस असा हवा. पण त्याला नुसता उभा करू नका, बळी जातो बिचारा. आधी बसून ठरवा की तो काय सांगणार नाही. प्यायल्यावर केलेले पराक्रम तीन मिनिटांत आवरायचे. कुणाच्या कोणत्या शब्दानं तो थांबला, पहिला महिना कसा काढला, आज इच्छा झाली तर काय करतो, याला सात मिनिटं. घरच्यांची गोष्ट सांगायची तर घरच्यांना विचारून. फोटो नाहीत, चित्रीकरण नाही. आयत्या वेळी "नको" म्हणाला तर एका शब्दानं आग्रह नाही. आणि कार्यक्रम संपल्यावर त्याला एकटा घरी पाठवू नका. सगळं पुन्हा उकरून बोलल्यानंतरची ती संध्याकाळ त्याला जड जाऊ शकते.

सातवी पायरी: सव्वा तासाचं सत्र

वीस मिनिटं माहिती, दहा मिनिटं अनुभव, पंधरा मिनिटं करून बघणं, तीस मिनिटं चिठ्ठ्या. माहिती कमी वाटतेय? ती मुद्दाम कमी ठेवली आहे.

चिठ्ठ्यांचं तंत्र असं: शिरतानाच प्रत्येकाला सारख्या आकाराचा कागद आणि पेन्सिल द्या. सगळ्यांनी लिहायचंच. प्रश्न नसेल तर "काही नाही" लिहायचं, घडी घालायची, डब्यात टाकायची. "ज्यांना प्रश्न आहे त्यांनी लिहा" म्हटलंत की लिहिणारा उघडा पडतो आणि डबा रिकामा राहतो. लिहिता न येणाऱ्यांसाठी एखादी कार्यकर्ती शेजारी बसवा. चिठ्ठ्या आधी स्वतः वाचा, मग मोठ्यानं. एखादीत ओळख पटेल असं काही असतं, ते गाळायचं.

करून बघण्यासाठी एक प्रवेश पुरतो. दोन कार्यकर्ते नवरा-बायको होतात. आधी नेहमीचं भांडण:

"आलात परत पिऊन? लाज कशी वाटत नाही? पोरांचं काय करायचं मी?"

"तुझ्या बापाचं पितोय का?"

हॉलमध्ये खसखस पिकते, कारण हा संवाद सगळ्यांना पाठ आहे. मग तीच दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीत असताना:

"अहो, काल तुम्ही आलात तेव्हा पोरगी जागी होती. दाराआड उभी होती. मला भीती वाटली. परवा तुम्ही लवकर आलात, तिचा अभ्यास घेतलात, तेव्हा किती बरं वाटलं घरात. मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. आज जाऊ या का दोघं?"

फरक कुठे पडला ते लोकांनाच विचारा. वेळ सकाळची, गोष्ट एकच आणि डोळ्यांनी पाहिलेली, चांगल्या दिवसाची आठवण, आणि पुढचं पाऊल तयार. रॉबर्ट मायर्स यांनी घरच्यांना हेच शिकवण्याची एक पद्धत बसवली आहे, क्राफ्ट नावाची. प्यायलेल्याशी वाद नाही, न प्यायलेल्या वेळी आवर्जून जवळीक, आणि त्याच्या पिण्याचे परिणाम त्याच्यापासून लपवायचे नाहीत. म्हणजे "त्यांना ताप आहे" असं ऑफिसला खोटं कळवायचं नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, या पद्धतीनं शिकलेल्या घरांतले ६४ टक्के पिणारे उपचारांपर्यंत आले. सगळ्यांनी मिळून माणसाला घेरून समज देण्याच्या पद्धतीत ते प्रमाण ३० टक्के होतं. मात्र मारहाण होणाऱ्या घरात हा संवाद सुचवू नका. तिथे पहिला प्रश्न बाई आणि मुलं सुरक्षित कशी राहतील हा.

तपासणीच्या प्रश्नावल्या वाटायच्या असतील तर घरी न्यायला द्या. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची यादी आहे; ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरशी बोलावं. डिप्रेशनसाठी 'पीएचक्यू-९' मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ गोष्टी विचारते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे "हो" असेल तर बेरीज बाजूला ठेवून त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं, हे प्रश्नावलीच्या वरच मोठ्या अक्षरांत छापा. गुण म्हणजे निदान नव्हे, हेही.

आठवी पायरी: तो अर्धा तास

हॉल एक तास जास्तीचा घ्या. राखणदाराला सांगून ठेवा की दिवे घालवायचे नाहीत आणि खुर्च्या लगेच उचलायच्या नाहीत. खुर्च्यांचा आवाज सुरू झाला की रेंगाळणारा माणूस निघून जातो.

'समुपदेशन कक्ष' असा फलक लावलेल्या टेबलाकडे कुणी येत नाही. झिम्बाब्वेत हरारे इथे मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ च्या सुमारास चौदा आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारात बाकावर बसवलं. त्या बाकाला आधी 'मानसिक आरोग्य बाक' म्हणत, आणि लोक त्यापासून लांबच राहत. आज्यांनी सुचवलं, नाव बदला, 'मैत्रीचा बाक' म्हणा. डिप्रेशनला त्या 'कुफुंगिसिसा' म्हणतात, शोना भाषेत 'फार विचार करणं'. २०१६ साली या कामाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर या आज्यांकडे आलेल्यांचा त्रास नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा बराच कमी होता. मी त्यातून एवढं उचललं की दाराजवळ दोन खुर्च्या, फलक नाही, एक बाई आणि एक पुरुष कार्यकर्ता, हातात यादीच्या प्रती.

"माझ्या एका मित्राला असा त्रास आहे," असं कुणी म्हणालं तर मित्रच धरून चाला. "मित्र म्हणजे तुम्हीच ना?" हे वाक्य कधीही उच्चारू नका. "तुमच्या मित्राला सांगा..." म्हणत सगळं सांगता येतं.

ऐकून घ्या, निदान करू नका. तीन गोष्टी मात्र विचारायच्याच. जिवाचं काही करून घ्यायचा विचार येतो का? रोजची दारू किंवा गोळी दोन-चार दिवसांत अचानक थांबवली आहे का? घरात कुणाला मारहाण होते का, लहान मुलं आहेत का? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर "हो" असेल तर "उद्या फोन करा" चालणार नाही. तिथूनच फोन लावून द्यायचा, आणि जिवाचा धोका असेल तर सोबत जायचं. "मी कुणाला सांगणार नाही" असं सरसकट वचन देऊ नका. "तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असला तरच सांगेन, आणि तुम्हाला सांगून सांगेन," असं म्हणा.

नववी पायरी: नंतरचं

उपस्थिती मोजणं सोडा. मी एक वही ठेवते, त्यात नावं नाहीत, तीन रकाने: किती जणांना यादी दिली, किती जण खरोखर पोचले, नाही पोचले तर कुठे अडलं. ज्यांनी परवानगी दिली त्यांनाच तिसऱ्या दिवशी फोन. तो फोन घरातल्या कुणी दुसऱ्यानं उचलला तर काय बोलायचं तेही आधी विचारून ठेवा.

महिन्याभरानं त्याच जागी परत जा. पहिल्या खेपेला लोक तुम्हाला जोखत असतात. दुसऱ्या खेपेला कुणीतरी "सोडली होती, पण परत सुरू झाली" म्हणून येतो आणि खाली बघत उभा राहतो. त्याला सांगा की दमा आणि रक्तदाबाच्या रोग्यांतही निम्म्याच्या आसपास लोकांचा त्रास औषधपाणी बिघडून उलटतो, तिथे आपण त्यांना नालायक म्हणत नाही. मग विचारा की मधले किती दिवस कोरडे गेले आणि ते कशामुळे जमलं.

कार्यकर्त्यांसाठी तीन नियम: एकट्यानं कुणाच्या घरी जायचं नाही, पैसे उसने द्यायचे नाहीत, आणि रात्री फोन कोण घेणार याची पाळी लावायची. ऐकणाऱ्यांच्याही मनावर ओझं साचतं, म्हणून दर सत्रानंतर पंधरा मिनिटं आपापसांत बसा. यादीच्या खाली तारीख घाला आणि दर तीन महिन्यांनी सगळे फोन पुन्हा लावून बघा. एखादा क्रमांक तोवर बंद पडलेला असतोच.